सहा महिन्यांचा हिशेब : माजी सैनिक मदत केंद्राचा आमचा अनुभव

आमच्या तालुक्याच्या गावी, एसटी स्थानकाच्या मागे, जुन्या धर्मशाळेच्या दोन खोल्यांत माजी सैनिकांच्या संघटनेने चालवलेले एक मदत केंद्र आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहा ते दुपारी दोन एवढाच वेळ ते उघडे असते. माझ्या वडिलांचे अपंगत्व निवृत्तिवेतनाचे, म्हणजे घरोघरी ज्याला डिसॅबिलिटी पेन्शन म्हणतात त्याचे, प्रकरण जवळजवळ अडीच वर्षे कुठेतरी अडकून पडले होते. नोव्हेंबर २०२३ ते जानेवारी २०२५ या काळात या केंद्राने ते शोधून काढले आणि शेवटाला नेले. तिथले लोक आपली नावे छापून येऊ देत नाहीत, म्हणून मीही ती देत नाही. मात्र तिथे काम कसे चालते, ते कुठे उत्तम आहे आणि कुठे उणे आहे, हे नीट लिहून ठेवावे असे मला मनापासून वाटते, कारण आमच्यासारखी कुटुंबे या जिल्ह्यात गल्लोगल्ली आहेत.

आधी प्रकरण सांगते. आबा, म्हणजे माझे वडील, १९९६ साली पायदळात भरती झाले आणि २०२० च्या ऑगस्टअखेर हवालदार म्हणून २४ वर्षांची नोकरी पुरी करून घरी आले. त्यांतली बरीच वर्षे ते पलटणीच्या मॉर्टर प्लाटूनमध्ये होते. ८१ मिलिमीटरच्या मॉर्टरच्या नळीत गोळा सोडायचा, डोके खाली घ्यायचे आणि कानांवर हात दाबायचे, हे त्यांनी किती हजार वेळा केले असेल त्याची मोजदाद नाही. घरी आल्यावर लक्षात आले की चुलीवरच्या कुकरची शिटी त्यांना ऐकू येत नाही, पण शेजारच्या खोलीतले जड कपाट ओढल्याचा आवाज येतो. माझा मुलगा बोलायला लागला की ते मान वळवून उजवा कान पुढे करतात आणि त्याच्या ओठांकडे बघत राहतात. निवृत्तीपूर्वी लष्करी रुग्णालयात झालेल्या मेडिकल बोर्डाने दोन्ही कानांची श्रवणशक्ती कमी झाल्याचे नोंदवले, अपंगत्व २० टक्के आणि कायमचे ठरवले, आणि त्याच कागदावर पुढे लिहिले की हे अपंगत्व सेवेमुळे उद्भवलेलेही नाही आणि सेवेमुळे बळावलेलेही नाही. या शेऱ्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून जवान त्याला ‘नाना’ म्हणतात. बोर्डात नाना लागला की त्या जवानाला अपंगत्वाचा पैसा मिळत नाही, कारण निवृत्त होणाऱ्या जवानाला तो मिळण्यासाठी अपंगत्व किमान २० टक्के असावे लागते आणि त्याचा सेवेशी संबंधही मान्य व्हावा लागतो.

जानेवारी २०२१ मध्ये दावा नामंजूर झाल्याचे पत्र आले. त्यात सहा महिन्यांच्या आत पहिले अपील करता येईल असेही लिहिले होते. आबांच्या एका जुन्या सहकाऱ्याने मे महिन्यात दोन पानांचे अपील लिहून दिले आणि आबांनी ते रजिस्टर पोस्टाने रवाना केले. त्यानंतर पत्र नाही, फोन नाही. आम्ही विचारले की आबा म्हणत, ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब.’ सहा महिन्यांचे वर्ष झाले, वर्षाची दोन झाली.

मधल्या काळात आम्ही हातपाय हलवले नाहीत असे नाही. या केंद्राची किंमत कळण्यासाठी त्याआधीच्या दोन अनुभवांचा उल्लेख करणे भाग आहे. पहिला अनुभव एका संगणक सेवा केंद्राचा. तिथल्या मुलाने ३०० रुपये घेऊन ‘स्पर्श’ या संरक्षण निवृत्तिवेतनाच्या प्रणालीवर आमची तक्रार नोंदवली, तीही थकबाकी मिळाली नसल्याच्या सदरात. अर्थातच ती काही दिवसांत निकाली निघाली. स्पर्शवर निवृत्तिवेतनाची मंजुरी, पडताळणी आणि प्रदान होते आणि प्रयागराजचे संरक्षण लेखा कार्यालय ती प्रणाली चालवते, पण जे अपील अजून मान्यच झालेले नाही त्याचा पैसा तिथून कसा निघणार? त्या मुलाचा हेतू वाईट नव्हता, त्याला प्रकरणाची पायरी कळली नव्हती, आणि खरे सांगायचे तर तेव्हा ती आम्हालाही कळली नव्हती. दुसरा अनुभव एका मध्यस्थाचा. त्याने घरी येऊन आईने केलेला चहा घेतला आणि मिळणाऱ्या थकबाकीतील २० टक्के रक्कम व सही केलेला एक कोरा धनादेश मागितला. फाइल सध्या कोणत्या कार्यालयात आहे, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हते. आई त्या दिवशी ठामपणे नाही म्हणाली, याबद्दल मी तिची ऋणी आहे.

धर्मशाळेतल्या या केंद्रात आम्ही पोहोचलो तेही अपिलासाठी नव्हे. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि आबांच्या बोटांचे ठसे यंत्र घेत नव्हते, म्हणून कुणीतरी इथे पाठवले. केंद्र चालवणारे निवृत्त सुभेदार हे नोकरीतील बराच काळ कार्यालयीन कामावर होते. लष्करातील कागद कोणत्या खिडकीतून आत जातो आणि कोणत्या टेबलावर निजतो हे त्यांना तोंडपाठ आहे. डोळ्यांच्या बुबुळांवरून हयातीचा दाखला झाला आणि आम्ही उठत असताना त्यांनी सहज विचारले, ‘हवालदार, कान कधीपासून असे आहेत?’ आबांना प्रश्न ऐकू आला नाही, म्हणून मी उत्तर दिले, आणि त्या उत्तराचे बोलणे पुढे तासभर चालले.

मी लगेच दुसरा अर्ज लिहून द्यावा म्हणून मागे लागले. ते म्हणाले, ‘ताई, अर्ज नंतर. फाइल कुठे आहे ते आधी बघू. निजलेल्या फाइलवर आणखी एक अर्ज टाकला तर ती आणखी जाड होते, जागी होत नाही.’ या केंद्राच्या कामाची सगळी पद्धत त्या एका वाक्यात आली. उशीर म्हणजे कुठेतरी सगळेच संथ चालले आहे अशी आमची समजूत होती. त्यांच्या मते उशीर नेहमी एका विशिष्ट टेबलावर, एका विशिष्ट कागदावाचून झालेला असतो, आणि ते टेबल व तो कागद कळेपर्यंत केलेली प्रत्येक विनवणी वाया जाते.

त्यांच्याकडे एक लांबट, कापडी बांधणीची नोंदवही आहे. प्रत्येक प्रकरणाला एक पान असते. पानाच्या डाव्या बाजूला पाठवलेल्या प्रत्येक पत्राची तारीख आणि पोस्टाच्या पावतीचा क्रमांक असतो, उजव्या बाजूला आलेले उत्तर, आणि सगळ्यांत खाली लाल शाईने एकच तारीख: पुढची मुदत. आमच्या पानावर पहिल्याच दिवशी डाव्या बाजूला मे २०२१ च्या रजिस्टर पोस्टाची नोंद झाली, कारण आबांनी ती पावती डिस्चार्ज बुकाच्या पानांत जपून ठेवली होती. ती फिकट, कडा विरलेली पावती सुभेदारांनी दोन्ही हातांनी उजेडासमोर धरली आणि तिची तिथल्या तिथे झेरॉक्स काढली. ही पावती पुढे आमच्या किती कामी येणार होती, ते तेव्हा मला कळले नाही.

त्यानंतर त्यांनी माहिती अधिकाराखाली दोन वेगवेगळे अर्ज तयार केले. प्रत्येकाला दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडली होती. एका अर्जात मे २०२१ च्या अपिलावर झालेल्या कार्यवाहीची तारीखवार माहिती मागितली होती आणि दुसऱ्यात मेडिकल बोर्डाच्या संपूर्ण कागदांची प्रत. २००५ च्या कायद्याप्रमाणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते आणि न आल्यास त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे पहिले अपील करता येते. ती तारीखही लाल शाईत आली. पत्रे इंग्रजीत होती, पण सही घेण्यापूर्वी त्यांनी प्रत्येक परिच्छेद आबांना मराठीत, मोठ्याने आणि सावकाश वाचून दाखवला. ज्या कागदावर आपण सही करतो त्यात काय लिहिले आहे हे आबांना नोकरीनंतर पहिल्यांदाच कुणी समजावून सांगत होते.

जानेवारी २०२४ मध्ये पहिले उत्तर आले. आमचे अपील जुलै २०२१ मध्येच परत पाठवण्यात आले होते. त्याला नामंजुरीच्या पत्राची प्रत जोडलेली नव्हती आणि दुसऱ्या पानावर सही नव्हती, एवढेच त्याचे कारण होते. परत पाठवलेला लिफाफा मात्र चुकीच्या पिनकोडवर गेला, तिथून पुन्हा पाठवणाऱ्याकडे गेला आणि ‘अर्जदाराकडून उत्तर नाही’ असा शेरा पडून प्रकरण बंद झाले. अडीच वर्षे आम्ही ज्याच्या निर्णयाची वाट पाहत होतो ते अपील निर्णयासाठी कुणाच्या समोर गेलेलेच नव्हते. ते उत्तर वाचून आई रडली. आबा काही बोलले नाहीत. उठून बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले.

दुसऱ्या उत्तरात बोर्डाचे कागद आले, आणि मला वाटते की या केंद्राचे खरे कौशल्य इथे दिसले. त्या कागदांत जवानाचे स्वतःचे निवेदन असते आणि भरतीपूर्वी हा त्रास होता का, असा प्रश्नही असतो. आबांनी त्याला ‘नाही’ असे उत्तर दिलेले होते. भरतीच्या वेळच्या तपासणीतही कानांबद्दल काहीही नोंद नव्हती. धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली हाच मुद्दा स्पष्ट केला आहे: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल आणि पुढे त्याच आजाराने जवान अपंग झाला, तर तो आजार सेवेतून आला असे गृहीत धरले जाते. तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी जवानावर नसते, ती सरकारवर असते आणि बोर्डाला त्याची कारणे द्यावी लागतात. आमच्या कागदात कारणाच्या रकान्यात तोच नकार वेगळ्या शब्दांत पुन्हा लिहिला होता, कारण असे काही नव्हतेच.

त्याच गठ्ठ्यात श्रवण तपासणीचा आलेख होता. सुभेदारांनी तो स्वतः वाचण्याचा आव आणला नाही. आम्हाला एका कानाच्या डॉक्टरांकडे पाठवले. डॉक्टरांनी पेन्सिलीने आलेखावर एक जागा दाखवली. रेषा डावीकडून बऱ्यापैकी सरळ येते, ४००० हर्ट्झपाशी विहिरीत पडावी तशी खाली जाते आणि त्यापुढे पुन्हा थोडी वर येते. वयोमानाने कान जातात तेव्हा रेषा उतारासारखी हळूहळू घसरते, पण स्फोटांच्या आणि यंत्रांच्या मोठ्या आवाजाने कानाला इजा झाली की नेमका हा खड्डा पडतो, असे त्यांनी सांगितले आणि तसे लिहूनही दिले. कुकरची शिटी ऐकू न येण्याचे आणि कपाटाचा घरघराट ऐकू येण्याचे कारण त्या एका रेषेत होते. ती रेषा बोर्डाच्याच कागदांत पहिल्या दिवसापासून होती आणि आम्ही ती कधी मागवून पाहिली नव्हती, याची मला आजही हळहळ वाटते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अपील पुन्हा सादर झाले. यावेळी प्रत्येक पानावर सही होती, नामंजुरीच्या पत्राची प्रत होती, डॉक्टरांचे मत होते, मॉर्टर प्लाटूनमधील नेमणुकीच्या नोंदी होत्या आणि सर्वांत वर मे २०२१ च्या पावतीची झेरॉक्स होती, ज्यावरून मूळ अपील मुदतीतच केले होते हे दिसत होते. पिनकोड तीन ठिकाणी ठळक लिहिला होता. अपील अभिलेख कार्यालयामार्फत, म्हणजे जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयामार्फत, सेना मुख्यालयातील पहिल्या अपिलाच्या समितीकडे जाते. ते तिथे पोहोचल्याची खात्री लेखी मिळेपर्यंत सुभेदारांनी आमचे पान मिटले नाही.

‘सहा महिने थांब’ या म्हणीचा अर्थ मला त्यांच्यामुळे नव्याने कळला. या कामात सहा महिने ही वाट पाहण्याची मुदत नसून हालचाल करण्याची मुदत आहे. नामंजुरीच्या पत्रापासून पहिल्या अपिलाला सहा महिने मिळतात, आणि पहिले अपील फेटाळले तर दुसऱ्या अपिलालाही सहा महिने. अपिलावर सहा महिन्यांत निर्णयच झाला नाही, तर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा दरवाजा उघडतो, ज्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. मात्र त्यासाठीही पुढच्या सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, नाहीतर उशिराची माफी मागत बसावे लागते. आम्ही घरी बसून जो काळ शहाणपणाने घालवला असे समजत होतो, त्या काळात एकामागून एक मुदती आमच्यासमोरून निघून गेल्या होत्या. ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या अपिलाला सहा महिने होत आले तेव्हा त्यांनी एक स्मरणपत्र पाठवले आणि आम्हाला स्वच्छ शब्दांत सांगितले की आता मुंबईला जाण्याचा पर्याय तुमच्या हातात आहे, घाई करू नका पण फेब्रुवारीच्या पुढेही जाऊ नका. न्यायाधिकरणाचे काम केंद्र स्वतः करत नाही, त्यासाठी वकील लागतो, हेही त्यांनी आधीच सांगितले.

केंद्रात आमच्या शेजारी बाकावर नाईक या लष्करी हुद्द्यावरून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ बसत असत. त्यांनी नामंजुरीनंतर अपीलच केले नव्हते. कित्येक वर्षांनी न्यायाधिकरणात जाऊन ते जिंकले, पण थकबाकी अर्ज दाखल करण्यापूर्वीच्या फक्त तीन वर्षांची मिळाली. सर्वोच्च न्यायालयाच्या तरसेम सिंग प्रकरणातील २००८ च्या निकालापासून उशिरा आलेल्यांना साधारणपणे हीच मर्यादा लागते. हक्क शाबूत राहतो, पण मागची वर्षे परत येत नाहीत. त्या गृहस्थांनी ते सांगताना जराही कडवटपणा दाखवला नाही. उलट आमच्या आबांना पावती जपल्याबद्दल शाबासकी दिली.

ऑक्टोबर २०२४ मध्ये अपील मान्य झाले. अपंगत्व सेवेच्या परिस्थितीमुळे बळावलेले मानले गेले. जानेवारी २०२५ मध्ये सुधारित पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतन देण्याचा आदेश, स्पर्शवर दिसला, तेव्हा मी थकबाकीची रक्कम पाहत होते आणि सुभेदार टक्केवारीचा रकाना पाहत होते. तिथे ५० आहे याची खात्री झाल्यावर ते पहिल्यांदा मोकळे हसले. या एका आकड्याला फार महत्त्व आहे. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के एवढा अपंगत्व घटक मिळतो आणि कमी अपंगत्वाला त्या प्रमाणात कमी. शेवटचे वेतन ४०,००० रुपये धरले तर २० टक्क्यांचे महिना २,४०० होतात आणि ५० टक्क्यांचे ६,०००, वर महागाई सवलत वेगळी. पन्नासपेक्षा कमी असलेले अपंगत्व पन्नास धरायचे, पन्नास ते पंचाहत्तर असलेले पंचाहत्तर आणि त्यावरचे शंभर, हा नियम आधी फक्त अपंगत्वामुळे नोकरीतून काढलेल्यांना लावला जात असे. राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये तो पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही लागू असल्याचे ठरवले. मंजुरी हातात पडल्याच्या आनंदात अनेक जण हा रकाना बघतच नाहीत, असे ते म्हणाले. मीही तो बघितला नसता. (सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त होणाऱ्यांना नवे नियम लागू आहेत. त्यांनी आमच्या आकड्यांवर विसंबून राहू नये, केंद्रात जाऊन आपले नियम वेगळे विचारून घ्यावेत.)

खर्चाचे सांगायचे तर नोंदणीचे ५० रुपये एकदाच, आणि पोस्ट, झेरॉक्स व पोस्टल ऑर्डरीचा जो प्रत्यक्ष खर्च झाला तो, प्रत्येक वेळी पावतीसह. चौदा महिन्यांत सगळे मिळून आमचे हजार रुपयेही झाले नाहीत. काम झाल्यावर आबांनी पाकिटातून पैसे देऊ केले, तेव्हा सुभेदारांनी ते घेतले नाहीत आणि संघटनेच्या देणगी पेटीकडेही बोट दाखवले नाही.

आता उणिवा. त्या मी आदराने पण स्पष्ट लिहिते आहे. सगळ्यांत मोठी उणीव ही की सगळे काम एका माणसाच्या डोक्यात आहे. एप्रिल २०२४ मध्ये ते तीन आठवडे आजारी होते, तेव्हा केंद्र उघडे असूनही कुणालाही काही सांगता आले नाही आणि लाल शाईच्या तारखा वहीत नुसत्या पडून राहिल्या. आमची कोणतीही मुदत त्या आठवड्यांत येत नव्हती हे आमचे नशीब. दोन तरुण माजी सैनिक मदतीला असतात, पण त्यांना अजून पत्र लिहिण्यापेक्षा चहा आणि झेरॉक्सचीच कामे मिळतात. त्यांना शिकवून तयार करणे हे संघटनेने आजच हाती घ्यायला हवे. त्या वहीची दुसरी प्रतही कुठे नाही. पावसाळ्यात त्या खोलीचे छत एका कोपऱ्यात गळते आणि वह्यांचे कपाट त्याच भिंतीला लागून आहे, हे पाहून माझ्या पोटात गोळा येत असे.

दुसरी गोष्ट मला विशेष खटकली. बाहेरच्या ओट्यावर वीस-पंचवीस माणसे बसलेली असतात आणि आतून नाव पुकारले जाते. त्या माणसांत निम्मी तरी कानांनी अधू असतात. आबांचे नाव दोनदा पुकारले गेले आणि मी पाणी आणायला गेल्यामुळे त्यांचा नंबर गेला. पुढे दीड तास थांबावे लागले. क्रमांकाच्या चिठ्ठ्या आणि एक पाटी एवढ्यावर हा प्रश्न सुटतो. मी तसे सांगितले, त्यांनी मानही डोलावली, पण मागच्या शुक्रवारी गेले तेव्हा नावेच पुकारली जात होती. वीरपत्नी आणि वयस्कर आया त्याच ओट्यावर उन्हात बसतात, त्यांच्यासाठी आतली दुसरी खोली मोकळी करता येईल. फोनवर उत्तर मिळत नाही, हेही दूरच्या वाड्यांवरून येणाऱ्यांना जाचक आहे. केवळ ‘उत्तर आले का’ एवढे विचारण्यासाठी आबांना घेऊन मी चार वेळा बावीस किलोमीटरचा हेलपाटा घातला.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये अर्थातच सर्वत्र आहेत आणि तिथले कल्याण संघटक हेच मार्गदर्शन विनामूल्य करतात. जुलै २०२५ पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या वीर परिवार सहायता योजनेखाली सैनिक कल्याण कार्यालयांतून मोफत कायदेविषयक मदतही मिळू लागली आहे. ज्यांना जिल्ह्याचे ठिकाण जवळ आहे त्यांनी आधी तिथेच जावे. आमच्यासारख्या आडगावच्या लोकांना मात्र धर्मशाळेतल्या या दोन खोल्याच जवळच्या आहेत, आणि आमच्या बाबतीत त्यांनी केलेले काम मी कोणत्याही पैसे घेणाऱ्या सेवेपेक्षा वरचे मानते.

जाणाऱ्यांनी डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि आजवर आलेले प्रत्येक पत्र लिफाफ्यासकट न्यावे. लिफाफ्यावरचा पोस्टाचा शिक्का ते तारखेसाठी पाहतात. मेडिकल बोर्डाची प्रत नसेल तर नाही म्हणून सांगावे, ती मागवता येते. निवृत्तिवेतन न मिळता घरी आलेल्या जवानांनी मात्र वेळ दवडू नये, कारण त्यांची सेवेची कागदपत्रे साधारण २५ वर्षांनंतर नष्ट केली जातात आणि मग मागवायला काही उरत नाही. मंगळवारी गर्दी जास्त असते. शुक्रवारी साडेनऊला पोहोचल्यास पहिल्या पाचांत नंबर लागतो. सोबत चांगले ऐकू येणारे एक माणूस असू द्यावे, आणि त्याने पाणी आणायला जाऊ नये.